दोर का तुटतो?

घोड आणि भीमा या नद्या श्रीगोंदा तालुक्याच्या कडेने वाहतात. नदीपासून लांबच्या शिवारात मात्र विहिरीचा मोठा आधार. उन्हाळ्यात पाणी आटले की विहिरीतला गाळ काढावा लागतो. एक गडी खाली उतरून पाटी भरतो. वरचे गडी ती दोराने ओढतात. भरली पाटी वर जात असते आणि खाली माणूस उभा असतो. त्याचा जीव त्या दोरावर असतो.

दोर तुटला की लोक म्हणतात, "नशीब खोटं!" आम्ही म्हणतो, नशिबाला बोल लावण्याआधी दोर पाहा.

समजा, दोर चार पेडांचा आहे. त्याला १०० किलो ओझे टांगले. प्रत्येक पेडाच्या वाट्याला २५ किलो आले. पुढे कप्पीला घासून दोन पेड काचले, तुटले. ओझे तेवढेच, पण आता एकेका पेडावर ५० किलो! एवढ्याशा जागेवर किती जोर येतो, त्याला 'प्रतिबल' म्हणतात. दोर झिजला की प्रतिबल वाढते.

ओझ्याने दोर थोडा लांबतोही. १० मीटरचा दोर १० सेंटीमीटर लांबला, म्हणजे शंभरात एक भाग वाढला. २० मीटरचा दोर तेवढाच लांबला, तर दोनशेत एक. मूळ लांबीच्या मानाने किती वाढ झाली, त्या प्रमाणाला 'विकृती' म्हणतात.

इंग्लंडमधल्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७८ साली स्प्रिंगचा नियम सांगितला. जोर दुप्पट केला की लांबणे दुप्पट होते. जोर काढला की स्प्रिंग पहिल्यासारखी होते. पण यालाही मर्यादा आहे. लोखंडी तार जरा वाकवून सोडा, ती सरळ होते. जास्त वाकवा, ती वाकडीच राहते. मर्यादा ओलांडली की वस्तू पूर्वीसारखी होत नाही. त्याहून जोर वाढला तर ती तुटते.

दोर ओढला जातो, तर खांब दाबला जातो. आपल्याच तालुक्यात पेडगावच्या किल्ल्यात लक्ष्मीनारायणाचे जुने मंदिर आहे. त्याचे दगडी खांब पाहा. दगड दाब पुष्कळ सोसतो, पण ओढ फार सोसत नाही. लांब दगडी तुळईवर भार पडला की तिची खालची बाजू ताणली जाते आणि तडकते. म्हणून दगडी बांधकामात खांब जवळजवळ ठेवावे लागतात. सिमेंटचेही तसेच. म्हणूनच घराच्या स्लॅबमध्ये खालच्या बाजूला लोखंडी सळ्या घालतात. ओढ सळ्या सोसतात.

तेव्हा मंडळी, काम सुरू करण्याआधी दोर हातात धरून टोकापर्यंत तपासा. एक पेड जरी तुटलेला दिसला तरी तो दोर बाजूला ठेवा. गाठ मारून काम भागवू नका. गाठीपाशी दोर कमजोर होतो. आणि पाटी वर जात असताना तिच्या खाली उभे राहू नका. नवा दोर विकत मिळतो, गेलेला माणूस मिळत नाही.