घाम वाळवणारं घर

जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरात दुपारी पारा ३१-३२ अंशांपर्यंत चढतो. नागपूरकर या आकड्याला हसेल. मुंबईकर मात्र हसणार नाही. हवेत पाणी किती आहे, हे त्याला पाठीला चिकटलेल्या शर्टावरून कळतं. योग्यकर्त्यात वर्षाचे बरेच दिवस हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते आणि रात्रीही पारा दुपारच्या तुलनेत आठ-नऊ अंशांपेक्षा जास्त उतरत नाही.

कोरड्या मुलुखात जाड भिंती कामाला येतात. रात्रीचा गारवा त्या धरून ठेवतात आणि दुपारी तो घराला पुरतो. जावात रात्रच गार नसते, तर भिंतींनी धरून ठेवायचं काय? अशा हवेत शरीरापाशी मुख्य उपाय उरतो तो घाम वाळण्याचा आणि दमट हवेत घाम वाऱ्याशिवाय नीट वाळत नाही. सेकंदाला एक मीटर वेगाची झुळूकही दोन-तीन अंशांचा दिलासा देते. म्हणून जुन्या जावानी घराच्या ओसरीवर तापमापक लावला, तर तो बाहेरच्या सावलीतला आकडाच थोड्याफार फरकाने दाखवतो. घर हवा थंड करतच नाही. ते ऊन अडवतं आणि वारा सोडतं.

हे पाहायचं तर पेंडोपोत बसावं. पेंडोपो म्हणजे घरापुढचा चारही बाजूंनी उघडा मंडप, पाहुण्यांना बसवायची आणि गामेलान हा जावानी वाद्यमेळ वाजवायची जागा. सोलो शहरातल्या मांगकुनगरान राजवाड्यातला पेंडोपो प्रचंड आहे, पण रचना तीच. मधोमध चार सागवानी खांब, ‘साका गुरू’. ते दगडी उथळ्यांवर उभे असतात, त्यामुळे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. खांबांच्या माथ्यावर तुळयांचे थर एकावर एक, वर जाताना बाहेर रुंदावत गेलेले. त्याला ‘तुंपांग सारी’ म्हणतात. त्यांच्यावर ‘जोग्लो’ नावाचं उंच छप्पर; अशा छपराच्या घरालाही जोग्लोच म्हणतात. ते मध्यावर उभं चढतं आणि कडेला इतकं सपाट पसरतं, की वळचण माणसाच्या डोक्याच्या जरा वर येऊन थांबते. तिरपं ऊन तिथेच अडतं. साध्या घरांत कौलांखाली छत नसतं, त्यामुळे तापलेली हवा वर जाते आणि कौलांच्या फटींतून निसटते. खाली फरशीवर बसलेल्या माणसापर्यंत छपराची धग फारशी पोचत नाही.

छपराला इतकं महत्त्व येतं ते सूर्यामुळे. योग्यकर्ता विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम आठ अंशांवर आहे. फेब्रुवारीच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या मध्याला दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. पूर्व-पश्चिमेच्या भिंती सकाळ-संध्याकाळ भाजतात, उत्तर-दक्षिणेच्या तुलनेने वाचतात. योग्यकर्त्यातली जुनी घरं बहुधा दक्षिणाभिमुख असतात. लोक त्याचं कारण सांगतात दंतकथेतली दक्षिण समुद्राची राणी, पण सोय उन्हाचीही होते.

सगळंच घर असं हवेशीर नसतं, हेही सांगायला हवं. पेंडोपोमागचा ‘दालेम’ म्हणजे आतलं माजघर. नक्षीदार सागवानी पडद्यांनी बंद केलेलं, काळोखं. त्याच्या मागच्या तीन खोल्यांपैकी मधली भाताची देवी, देवी श्री हिची. तिथे वारा क्वचितच शिरतो. गारव्यापेक्षा तिथे पावित्र्याचा आणि प्रतिष्ठेचा विचार जास्त झालेला दिसतो. माणसं मात्र दिवसभर घरात एका जागी बसत नव्हती. काम, गप्पा, दुपारची डुलकी सगळं ओसरीकडे सरकायचं. चूल मागच्या वेगळ्या खोपटात, म्हणजे तिची आच आणि धूर दोन्ही घराबाहेर.

जोग्लो मुळात सरदार-दरकदारांचा. शेतकऱ्याचं घर साध्या दुपाखी छपराचं, बांबूच्या विणलेल्या तट्ट्यांच्या भिंतींचं. वाऱ्याच्या दृष्टीने पाहिलं तर गरिबाचीच भिंत सरस: ती श्वास घेते आणि ऊन उतरताच निवते. पक्कं घर बांधायची ऐपत आली, की पहिल्यांदा हीच भिंत जाते.

२७ मे २००६ च्या भूकंपात योग्यकर्ता परिसरात साडेपाच हजारांहून अधिक माणसं गेली. कोटागेडेसारख्या जुन्या वस्तीतले कित्येक जोग्लो कोसळले किंवा खिळखिळे झाले. दुरुस्तीचा खर्च न पेलल्याने काही घरांचं लाकूड सुटं करून विकलं गेलं. विटा-सिमेंटच्या नव्या घरांत आता पंखे अखंड फिरतात. जुने सांगाडे हॉटेलवाले आणि हौशी लोक विकत घेऊन दुसरीकडे उभारतात. तिथे खांबांमध्ये काचा बसवल्या आणि एसी लावला, की कौलांखाली छतही मारावं लागतं, नाहीतर पैसे मोजून केलेली गार हवा फटींतून निघून जाते.