एच.आय.व्ही. : चाचणी, उपचार व शुश्रूषेतील नवे संशोधन आणि अध्यापकांची भूमिका

प्रास्ताविक

१९८९ साली गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले. त्या रक्तात एच.आय.व्ही. आढळताच पोलिसांकरवी त्याला ताब्यात घेण्यात आले आणि गोव्याच्या तत्कालीन सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन म्हापशातील जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटे ठेवण्यात आले. त्याने कोणताही गुन्हा केला नव्हता. पुढे न्यायालयाच्या आदेशाने त्याची सुटका झाली व त्याने उर्वरित आयुष्य बाधितांच्या हक्कांसाठी वेचले. १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. त्या काळी या रोगावर परिणामकारक उपचार नव्हता, त्यामुळे शासन काय किंवा समाज काय, दोघांच्याही हाती भीतीखेरीज फारसे काही नव्हते.

आज परिस्थिती पूर्णपणे पालटली आहे. तरीही आपल्या वर्गातील विद्यार्थ्याला ‘एच.आय.व्ही. म्हणजे काय?’ असे विचारले, तर ‘एड्स म्हणजे मृत्यू’ हेच जुन्या भित्तिपत्रकावरील उत्तर पुष्कळदा ऐकू येते. ही भीती निरुपद्रवी नाही. जिला निदान म्हणजे मृत्युदंड वाटतो ती व्यक्ती चाचणीच करून घेत नाही. चाचणी नाही म्हणून उपचार नाही, आणि उपचार नाही म्हणून स्वतःचे आरोग्य ढासळते व जोडीदारालाही धोका राहतो. म्हणून गेल्या काही वर्षांतील संशोधनाने नेमके काय सिद्ध केले, हे महाविद्यालयीन अध्यापकांपुढे मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषाणू व औषधे यांचे कार्य

एच.आय.व्ही. हा विषाणू रक्तातील सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो. या पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या सूत्रधार होत. आत शिरल्यावर विषाणू आपल्या आर.एन.ए.चे डी.एन.ए.मध्ये रूपांतर करतो, तो डी.एन.ए. पेशीच्या मूळ डी.एन.ए.मध्ये गुंफतो आणि मग त्या पेशीलाच नवे विषाणू तयार करण्याच्या कामाला जुंपतो. निरोगी माणसात एक घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. ही संख्या २०० च्या खाली गेली किंवा क्षयरोगासारखे काही विशिष्ट आजार जडले की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजेच एच.आय.व्ही.ची लागण आणि एड्स या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेळेवर उपचार मिळालेल्या व्यक्तीला एड्सची अवस्था कधीच न येणे शक्य आहे.

भारतातील शासकीय केंद्रांत आज प्रौढांना प्रामुख्याने टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधे एकाच गोळीत, दिवसातून एकदा दिली जातात. पहिली दोन औषधे आर.एन.ए.चे डी.एन.ए. होऊ देत नाहीत, तर तिसरे औषध तो डी.एन.ए. पेशीत गुंफला जाऊ देत नाही. एकाऐवजी तीन औषधे का, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. हा विषाणू झपाट्याने रूप बदलतो. एका औषधाला दाद न देणारे रूप त्यात लवकर उत्पन्न होते, पण तिन्ही औषधांना एकाच वेळी चकवणे त्याला अत्यंत अवघड जाते. मात्र काही पेशींत विषाणू सुप्तावस्थेत दडून राहतो व त्यावर औषधाचा परिणाम होत नाही. त्यामुळे गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि मध्येच सोडल्यास विषाणू पुन्हा डोके वर काढतो.

दोन महत्त्वाचे निष्कर्ष

पूर्वी सीडी-४ पेशी बऱ्याच घटल्यावरच उपचार सुरू करीत असत. हे धोरण बदलण्यास ‘स्टार्ट’ या नावाने ओळखला जाणारा अभ्यास कारणीभूत ठरला. ३५ देशांतील ४,६८५ व्यक्तींचा त्यात समावेश होता आणि या सर्वांच्या सीडी-४ पेशी ५०० हून अधिक होत्या. ज्यांना तत्काळ औषध मिळाले त्यांच्यात गंभीर आजार वा मृत्यूचे प्रमाण, थांबून उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत ५७ टक्क्यांनी कमी आढळले. २०१५ मध्ये हे निष्कर्ष आल्यावर त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सर्व बाधितांना लगेच उपचार देण्याची शिफारस केली. भारताने २०१७ मध्ये हे धोरण स्वीकारले.

दुसरा निष्कर्ष अधिक दूरगामी आहे. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर एक अभ्यास करण्यात आला. त्यात पुणे व चेन्नई ही भारतातील केंद्रेही होती. प्रत्येक जोडप्यातील एक जण बाधित व दुसरा निरोगी होता. लवकर उपचार दिल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ साली दिसून आले. पुढे २०१६ व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ या युरोपीय अभ्यासांत, ज्यांच्या रक्तातील विषाणूभार औषधाने मोजता न येण्याइतका खाली आला होता, त्यांच्याकडून जोडीदाराला लागण झाल्याचे एकही प्रकरण आढळले नाही.

याचा अर्थ असा की, नियमित औषध घेऊन ज्या व्यक्तीचा विषाणूभार किमान सहा महिने असा दबलेला राहिला आहे, तिच्याकडून लैंगिक संबंधातून विषाणू पसरत नाही. हा निष्कर्ष लैंगिक संबंधांपुरता आहे, हेही विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे. सुया वा रक्त यांबाबत तो लागू करता येत नाही. गर्भवती मातेबाबतही असेच आशादायक चित्र आहे. उपचाराविना बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, परंतु योग्य उपचाराने ती ५ टक्क्यांच्याही खाली येते.

चाचणीविषयी

शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत, म्हणजे आय.सी.टी.सी.मध्ये, ही तपासणी मोफत व गोपनीय असते. चाचणीपूर्वी व चाचणीनंतर समुपदेशन केले जाते. पहिल्या चाचणीत विषाणू आढळल्यास आणखी दोन वेगळ्या चाचण्यांनी खात्री केल्याशिवाय निदान सांगत नाहीत. लागण झाल्यावर प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे लागतात. त्यामुळे नुकताच धोका पत्करलेल्या व्यक्तीने तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी. बाधित मातेच्या तान्ह्या बाळाची साधी चाचणी उपयोगी पडत नाही, कारण आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. तेथे प्रत्यक्ष विषाणूचा शोध घेणारी चाचणी करावी लागते. १०९७ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर माहिती मिळते.

औषधांची किंमत व उपलब्धता

१९९६ च्या सुमारास संयुक्त औषधोपचार आला, पण त्याचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरहून अधिक होता. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली मुंबईत स्थापन केलेल्या सिपला कंपनीने, त्यांचे पुत्र डॉ. युसुफ हमीद यांच्या नेतृत्वाखाली, २००१ साली हीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. त्यानंतर जगभर किमती कोसळल्या आणि आफ्रिकेतील लक्षावधी रुग्णांना जीवदान मिळाले. भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय रुग्णालयांत मोफत उपचार सुरू झाले.

अलीकडचे संशोधन प्रतिबंधाबाबतचे आहे. लेनाकॅपाविर हे इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा घ्यावयाचे असते. दक्षिण आफ्रिका व युगांडा येथे झालेल्या अभ्यासात ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. गरीब देशांसाठी हे औषध वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये २०२७ पासून पुरविण्याची योजना २०२५ मध्ये जाहीर झाली. ते तयार करणाऱ्या डॉ. रेड्डीज व हेटेरो या कंपन्या हैदराबादच्याच आहेत.

कायदा, धर्म आणि शुश्रूषा

२०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीविना चाचणी करणे, कुणाची स्थिती उघड करणे, तसेच शिक्षण, नोकरी वा उपचार नाकारणे त्याने निषिद्ध ठरविले आहे. १०० वा अधिक व्यक्ती असलेल्या संस्थेने तक्रार अधिकारी नेमावयाचा असतो. आपल्या महाविद्यालयात असा अधिकारी नेमला आहे काय, याची चौकशी प्रत्येक अध्यापकाने करावी.

आपल्या समाजात हा विषय काढणेच अनेकांना संकोचाचे वाटते. या संदर्भात युगांडातील इस्लामिक मेडिकल असोसिएशनचे उदाहरण उद्बोधक आहे. या संस्थेने मशिदींच्या इमामांना प्रशिक्षण दिले. इमाम व त्यांचे सहकारी घरोघरी जाऊन संयम, वैवाहिक निष्ठा आणि रुग्णसेवा यांविषयी बोलू लागले. त्यांच्या कार्याची संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेने १९९८ मध्ये आदर्श उपक्रम म्हणून नोंद घेतली. नैतिक शिकवण आणि रुग्णाविषयीची करुणा यांत विरोध नाही, हे त्यातून दिसून येते. आजाऱ्याची विचारपूस करणे हे तर आपल्याकडे कर्तव्यच मानले जाते.

रमजानच्या काळात औषधाचे काय, असा प्रश्नही येतो. दिवसातून एकदाची गोळी इफ्तारनंतर किंवा सहरीच्या वेळी घेता येते. मात्र वेळ बदलण्यापूर्वी ए.आर.टी. केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि गोळी कदापि चुकवू नये. ज्याची प्रकृती रोजा सोसण्यास समर्थ नाही, त्याला शरीयतनेच सवलत दिली आहे.

समारोप

राष्ट्रीय अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात सुमारे २५ लाख व्यक्ती एच.आय.व्ही.सह जगत होत्या. त्यांतील काही जण आपल्या विद्यार्थ्यांचे आईवडील असतील, काही स्वतः विद्यार्थी असतील. वर्गात आपण जे वाक्य उच्चारतो ते त्यांच्याही कानी पडते. ‘हा रोग झाला की संपले’ असे ऐकणारा मुलगा घरी जाऊन गप्प बसेल. ‘चाचणी मोफत आहे, औषध मोफत आहे आणि औषध घेणारा माणूस नोकरी करतो, संसार करतो, म्हातारा होतो’ असे ऐकणारा मुलगा कदाचित आपल्या आजारी वडिलांना केंद्रावर घेऊन जाईल. रेड रिबन क्लब, राष्ट्रीय सेवा योजना किंवा विज्ञानाचा एखादा तास या कामी सहज उपयोगात आणता येईल. अध्यापक बंधू-भगिनींनी येत्या सत्रात किमान एक तास या विषयाला द्यावा, ही विनंती.