सातासमुद्रापारची सेवा आणि परभणीचे कागद

सैनिकाने परदेशात बजावलेली सेवा त्याच्या गावाला कितीही ठाऊक असली, तरी ती त्याच्या सेवापत्रिकेत चढलेली नसेल, तर शासनाच्या लेखी ती घडलेलीच नसते. पदक, जखमी सैनिकाचे निवृत्तिवेतन, विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन आणि राज्य शासनाचे मानधन ही सारी त्या नोंदीच्या आधाराने मिळतात, आणि नोंद राहून गेली किंवा चुकीची पडली म्हणजे ती दुरुस्त करून घेण्याचा भार सैनिकावर, किंवा त्याच्या पश्चात त्याच्या वारसांवर, येऊन पडतो. परभणी जिल्ह्यात हे काम विशेष गुंतागुंतीचे होते, कारण विसाव्या शतकात येथे राज्य बदलले, पलटणींची नावे बदलली आणि अखेरीस जिल्ह्याची हद्दही बदलली. त्यामुळे अशी नोंद शोधताना सैनिक कोणत्या गावचा होता, यापेक्षा परदेशात असताना त्याची हजेरी आणि पगार कोणाच्या दप्तरात मांडला जात होता, हे आधी ठरवावे लागते. ते ठरले की उरलेली वाट लांब असली तरी सरळ असते. ते न ठरवता केलेला अर्ज मात्र एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहतो.

एका संस्थानातील दोन सेना

परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि या संस्थानाशी दोन वेगवेगळ्या सेनांचा संबंध होता. पहिली ‘हैदराबाद कंटिन्जंट’, म्हणजे निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारी फौज. तिच्याच खर्चाच्या तरतुदीसाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला. जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, आणि हिंगोली ही तिची मराठवाड्यातील ठाणी होती. त्यांपैकी हिंगोलीची छावणी १८१९ पासून १९०३ पर्यंत टिकली. १९०३ मध्ये ही फौज स्वतंत्रपणे संपुष्टात आली आणि तिच्या पलटणी भारतीय सेनेत मिसळल्या. तिच्या घोडदळातून पुढे आलेल्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत हाय वुड या रानाजवळ चढाई केली, तर पायदळाच्या तुकड्या पहिल्या महायुद्धानंतरच्या पुनर्रचनेत एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये एकत्र आल्या.

दुसरी सेना निजामाची स्वतःची होती. तिच्या घोडदळापैकी इंपीरियल सर्व्हिस लान्सर्स हे पथक साम्राज्याच्या सेवेसाठी राखलेले होते आणि पहिल्या महायुद्धात म्हैसूर व जोधपूरच्या पथकांसह ते पंधराव्या घोडदळ ब्रिगेडमधून इजिप्त व पॅलेस्टाइनच्या आघाडीवर गेले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातील तीन पुतळे याच तीन संस्थानांच्या सैनिकांचे प्रतिनिधी आहेत. या सैनिकांना कामगिरीवर इंग्रज सेनापतींच्या हाताखाली राहावे लागे. मात्र त्यांची भरती, बढती आणि मुक्ती या गोष्टी संस्थानाच्या सेनाखात्याकडे होत्या. म्हणजेच पॅलेस्टाइनमध्ये शेजारी-शेजारी तळ ठोकलेल्या दोन भारतीय सैनिकांची कागदपत्रे दोन निराळ्या धन्यांच्या दप्तरांत जमा होत होती.

मलायातील दोन ‘हैदराबाद’ पलटणी

या दुहेरीपणातून होणारी गफलत दुसऱ्या महायुद्धाच्या संदर्भात सर्वांत ठळकपणे दिसते. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य मलायाच्या किनाऱ्यावर कोटा भारू येथे उतरले, तेव्हा तेथील विमानतळाच्या संरक्षणाला पहिली हैदराबाद इन्फन्ट्री होती, आणि ही पलटण निजामाच्या संस्थानी सेनेची होती. त्याच द्वीपकल्पात बाराव्या भारतीय ब्रिगेडमध्ये एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी पलटण लढत होती. ७ जानेवारी १९४२ रोजी स्लिम नदीच्या लढाईत जपानी रणगाडे तिच्या फळीतून पार निघून गेले. ही दुसरी पलटण ब्रिटिश भारतीय सेनेची होती आणि तिच्यात मुख्यतः कुमाऊँनी, जाट व अहीर सैनिक होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये या रेजिमेंटचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले आणि तिचे केंद्र पुढे उत्तराखंडातील राणीखेतला गेले.

परभणीच्या एखाद्या घरात ‘हैदराबाद इन्फन्ट्री, मलाया’ एवढेच शब्द असलेला जुना कागद सापडला, तर तो कोणत्या पलटणीचा आहे हे सैनिकाच्या क्रमांकावरून, पलटणीच्या पूर्ण नावावरून आणि कागदावर कोणाचा शिक्का आहे यावरून ठरवावे लागते. तो संस्थानी सेनेचा असेल, तर राणीखेतच्या दप्तरात त्या सैनिकाचे नाव न सापडणे साहजिक आहे. तेवढ्यावरून त्याने सेवा केलीच नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि भारतीय सेनेचे हजारो सैनिक युद्धकैदी झाले. त्यांपैकी अनेक जण आझाद हिंद सेनेत गेले, तर अनेकांनी उरलेली वर्षे कैदेत काढली. आझाद हिंद सेनेतून परतलेल्यांची इंग्रजी सेनेने ‘पांढरे, करडे आणि काळे’ अशी वर्गवारी केली आणि ‘काळ्या’ गटातील लोकांना बडतर्फ केले. त्यामुळे एकाच छावणीतून मायदेशी आलेल्या दोन सैनिकांच्या सेवापत्रिकांचा शेवट निरनिराळ्या शब्दांत झाला. १९७२ मध्ये केंद्र शासनाने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा त्यात आझाद हिंद सेनेचाही समावेश झाला आणि एकेकाळी बडतर्फीचे कारण ठरलेली नोंद सन्मानाचा पुरावा बनली.

संस्थान गेले, दप्तर उरले

भारत सरकारने संस्थानाविरुद्ध सप्टेंबर १९४८ मध्ये केलेल्या पोलीस कारवाईनंतर निजामाच्या सेनेने शरणागती पत्करली आणि संस्थानी सेना म्हणून तिचे अस्तित्व संपले. परभणी जिल्हा आधी हैदराबाद राज्यात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आला. जिल्ह्याचे महसुली काम मुंबईकडे वळले तरी संस्थानाचे मध्यवर्ती दप्तर हैदराबादेतच राहिले; त्याचा मोठा भाग आज तेथील तारनाका भागात असलेल्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहे. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरांचा शोध घेतला, तेव्हा या जुन्या कागदांना आजही कायदेशीर मोल आहे हे सर्वांसमोर आले.

या दप्तराचे वाचन ही स्वतंत्र विद्या आहे. संस्थानाचा कारभार उर्दूत चाले आणि कालगणना फसली सनाची असे, म्हणजे मुळात पिकांच्या हंगामावर आधारलेल्या महसुली वर्षाची. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. परंतु वर्षाचा आरंभ ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्याने होत असल्यामुळे फसली १३५१ म्हणजे १९४१ च्या ऑक्टोबरपासून १९४२ च्या ऑक्टोबरपर्यंतचा काळ होय. हा फरक ध्यानात न घेता केलेल्या रूपांतरात वर्षभराची चूक पडते, आणि मलायाच्या बाबतीत वर्षभराची चूक म्हणजे युद्धापूर्वीची तैनाती आणि युद्धकैद यांमधली चूक ठरते. महाराष्ट्र शासन दुसऱ्या महायुद्धातील निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना मानधन देते, हे लक्षात घेतले म्हणजे अशा तारखांचे मोल कळते.

स्वतंत्र भारताची परदेशातील कामगिरी

स्वातंत्र्यानंतर भारतीय सैनिक कोरियात, १९५६ ते १९६७ या काळात गाझा पट्टीत, १९६० ते १९६४ या काळात कांगोत आणि पुढे सोमालियासह अनेक देशांत संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्याखाली गेले. जुलै १९८७ ते मार्च १९९० या काळात भारतीय शांतिसेना श्रीलंकेत होती. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना तेथील २५ नोव्हेंबर १९८७ च्या कारवाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. परदेशातील सेवेसाठी विदेश सेवा पदक असते आणि त्याच्या फितीवर देशाचे नाव असलेली धातूची पट्टी बसवतात. ही पट्टी स्वतःच पुरावा असते, परंतु ती मिळाल्याची नोंद सेवापत्रिकेतही असावी लागते.

परदेशातील तैनातीला निवृत्तिवेतनाच्या नियमांत वेगळे स्थान आहे. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने मृत्यू व अपंगत्व यांचे पाच वर्ग केले असून, परदेशातील शांतिसेनेत तैनात असताना झालेल्या कारवाईतील हानी ही प्रत्यक्ष युद्धातील हानीच्या वर्गात धरली जाते. त्यामुळे जखम श्रीलंकेत झाली की देशांतर्गत छावणीत, यावर युद्धजन्य जखमेचे वाढीव निवृत्तिवेतन किंवा विधवेला मिळणारे उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन अवलंबून राहते.

अशी नोंद राहून जाते ती बहुधा तात्पुरत्या जोडणीमुळे. चालक, सिग्नलवाला किंवा रुग्णसेवक आपल्या मूळ पलटणीतून काढून परदेशी जाणाऱ्या दुसऱ्या पलटणीला जोडला जातो. त्याच्या हालचालीचा हुकूम एक पलटण काढते, तर त्याची सेवापत्रिका दुसरीच्या केंद्रात असते. सैनिकाच्या विवाहापासून बदलीपर्यंतचा प्रत्येक फेरफार ज्या दैनंदिन आदेशाने अधिकृत होतो, त्याला सैनिकी बोलीत ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. हा आदेश निघालाच नाही किंवा निघून योग्य ठिकाणी पोचला नाही, म्हणजे माणूस कांगोत आणि कागद जबलपुरात अशी स्थिती होते.

दुरुस्तीची वाट

नोंद दुरुस्त करण्याच्या कामाचा आरंभ सेवामुक्तीच्या वेळी मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकपासून होतो. त्यातील सैनिकाचा क्रमांक, पलटण, भरती व मुक्तीच्या तारखा आणि पदकांचा रकाना नीट उतरवून घेतल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत संबंधित अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करता येतो. अभिलेख कार्यालय जिल्ह्याप्रमाणे नव्हे, तर दलाप्रमाणे ठरते: मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातील सागर, तोफखान्यासाठी नाशिक रोड आणि बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यामुळे वसमत, कळमनुरी किंवा हिंगोली तालुक्यातील सैनिकांच्या जुन्या कागदांवर परभणी जिल्हा लिहिलेला असतो. ती चूक नसून त्या काळची खरी स्थिती आहे, आणि अर्जासोबत जिल्हानिर्मितीची अधिसूचना जोडली की जिल्ह्याच्या नावावरचा आक्षेप मिटतो.

पुराव्यांची एक उतरंड असते. पार्ट टू ऑर्डर, हालचालीचा हुकूम, पगारपुस्तिका आणि पदकाची नोंद हे समकालीन सरकारी कागद सर्वांत भक्कम; संयुक्त राष्ट्रांचे प्रमाणपत्र त्यानंतर; छायाचित्रे, पत्रे आणि सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे ही पूरक. निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकांची सेवापत्रे नियमानुसार पंचवीस वर्षांनी नष्ट केली जातात. मात्र ‘लाँग रोल’, म्हणजे पलटणीतील भरतीची कायमस्वरूपी यादी, जपून ठेवलेली असते. म्हणून ‘कागद नष्ट झाले’ असे उत्तर आले तरी लाँग रोलमधील नोंदीची मागणी करणे आवश्यक असते, आणि ती मागणी माहितीच्या अधिकाराखालीही करता येते.

दुरुस्ती मान्य झाल्यास प्रयागराज येथील संरक्षण लेखा कार्यालयाकडून निवृत्तिवेतनाचा सुधारित आदेश, म्हणजे ‘कॉरिजेंडम पीपीओ’, निघतो. ती नाकारली गेल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे दाद मागता येते. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाकडे अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. विलंब माफ करण्याचा अधिकार त्याला आहे. सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग प्रकरणात २००८ मध्ये निवृत्तिवेतन कमी मिळणे हा दरमहा चालू राहणारा अन्याय मानला, परंतु थकबाकी सामान्यतः अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित ठेवली. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण उशिराची किंमत कुटुंबालाच मोजावी लागते.

नोंद शोधण्याचा हा भार कुटुंबावरच राहायला हवा असे नाही. अमेरिकेत १९४६ च्या कायद्यातून सैनिकी नोंदी दुरुस्त करणारी स्वतंत्र मंडळे निर्माण झाली. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागून सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सेवापत्रिका जळाल्या. त्यानंतर तेथील यंत्रणेने पगारपत्रके, रोजची हजेरी आणि रुग्णालयांच्या याद्या यांवरून सैनिकांची सेवा पुन्हा जुळवण्याची पद्धत बसवली. कागद हरवल्यास तो शोधण्याची जबाबदारी मुख्यतः कागद राखणाऱ्याची, हे तत्त्व त्यामागे आहे.

परभणीसारख्या जिल्ह्यात हे तत्त्व अमलात आणायला नव्या कायद्याची गरज नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने घरोघरीच्या डिस्चार्ज बुकांच्या व पदकांच्या प्रती गोळा कराव्यात, परदेशात गेलेल्या सैनिकांची पलटणवार नोंदवही तयार करावी, संस्थानी सेनेतील सैनिकांसाठी हैदराबादच्या अभिलेखागाराशी एकत्रित पत्रव्यवहार करावा आणि उर्दू व फसली नोंदींच्या वाचनासाठी जाणकारांची मदत घ्यावी. आज प्रत्येक कुटुंब हेच काम एकेकटे करते आणि प्रत्येक अर्ज पहिल्यापासून सुरू होतो. नोंदवही एकदा सिद्ध झाली, तर एका पलटणीच्या तैनातीचा पुरावा त्या पलटणीतील सर्वांना उपयोगी पडेल, आणि वृद्ध विधवेला आपला नवरा समुद्रापार गेला होता हे सिद्ध करण्यासाठी राणीखेत, सागर की हैदराबाद, हे स्वतः शोधत बसावे लागणार नाही.