वेगळं ठेवलेलं ताट

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. माझ्या धाकट्या जावेला सातवा महिना होता. दापोलीहून रक्ततपासणीचा कागद आला, त्यावर 'हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह'. 'म्हणजे कावीळच ना?' सासूबाई म्हणाल्या. झालं! संध्याकाळी तिचं ताट-भांडं वेगळं. ती बिचारी पडवीत एकटी जेवली आणि मी, शाळेत शिकवणारी, गप्प बसले.

आमच्या आंजर्ल्यात कावीळ म्हटली की माळ घालायची. काड्या सुकून आक्रसतात, गाठी सैल होऊन माळ लांबते. लोक म्हणतात, कावीळ उतरली. पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते, श्रेय मात्र माळेला! ही 'बी' कावीळ वेगळी. ती रक्तातून, शरीरसंबंधातून, एकाची सुई दुसऱ्याला टोचल्याने आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होते. ताटावाटीतून मुळीच नाही. गुजरातेत मोडासा इथे २००९ साली पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांनीच तिची साथ पसरली, माणसं दगावली.

जावेचे डोळे पिवळे नाहीत, पोट दुखत नाही. तिला बहुधा लहानपणीच लागण झाली असावी, म्हणून डॉक्टरांनी तिच्या आईला नि भावंडांनाही तपासायला सांगितलं. मोठ्या माणसाचं शरीर हा विषाणू बहुतेक वेळा परतवतं. पण जन्मताना लागण झालेल्या शंभरातल्या सुमारे ९० बाळांत तो कायमचा ठाण मांडतो, आणि पुढे काहींचं यकृत कामातून जातं, काहींना कर्करोग होतो. म्हणून बाळाला पहिली लस २४ तासांच्या आत हवी. आईला लागण असेल तर तयार प्रतिपिंडांचं दुसरं इंजेक्शनही, शक्यतो १२ तासांत. ते महाग असतं नि ऐनवेळी मिळेलच असं नाही. आधी सांगून ठेवावं लागतं.

आणि मैत्रिणींनो, पहिलं बाळंतपण माहेरी! जाऊ खेडला गेली, फाईल राहिली आमच्या कपाटात. कळा सुरू झाल्याचा फोन आला तेव्हा भावोजी ती घेऊन मोटरसायकलवर निघाले. दोन्ही इंजेक्शनं वेळेत झाली. अंगावर पाजायलाही डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. भावोजींची तपासणी निगेटिव्ह आली, त्यांनी लसीचे तिन्ही डोस घेतले.

जावेच्या गोळ्या मात्र चालूच आहेत. २०१८ पासूनच्या सरकारी कार्यक्रमात त्या फुकट मिळतात, पण एस.टी.ची खेप नि अख्खा दिवस जातो. काही दुखत नसताना रोज गोळी घ्यायची, हेच अवघड! मनाने बंद केल्या तर आजार उसळतो. यंदा लावणीच्या दिवसांत ती खेप चुकवू बघत होती. सासूबाईंनीच तिच्या हातात पिशवी दिली. "तू जा. लावणीचं मी बघते."

ते वेगळं ताट आता मांजराच्या दुधाला आहे.