शिकागोचा राखलेला किनारा

शिकागोच्या मिशिगन अ‍ॅव्हेन्यूच्या एका अंगाला उंच इमारतींची रांग आहे, तर दुसऱ्या अंगाला ग्रँट पार्कची हिरवळ आणि पलीकडे मिशिगन सरोवर. इतक्या मोक्याच्या जागेवर टॉवर का उठले नाहीत, याचं उत्तर 1836 सालच्या एका नकाशात सापडतं. एका कालव्याच्या खर्चासाठी जमिनी विकताना त्या कालव्याच्या आयुक्तांनी किनाऱ्याचा पट्टा इमारतींविना कायम मोकळा राहील, अशी नोंद त्यावर केली होती.

नोंद झाली, पण तिची बूज राहिली नाही. 1852 मध्ये इलिनॉय सेंट्रल रेल्वेचे रूळ किनाऱ्यालगत पाण्यातच पडले. 1871 च्या आगीनंतर शहराचा जळका राडारोडा रूळ आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात ढकलला गेला. आजच्या बागेचा काही भाग त्या भरावावर उभा आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. टपालाने माल विकणारे व्यापारी माँटगोमेरी वॉर्ड मात्र 1890 पासून वीस वर्षं ती चढत राहिले. बागेत इमारत नको, एवढाच त्यांचा हट्ट होता. शहरातल्या बड्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला, पण नामवंत फील्ड म्युझियमलाही आत येऊ दिलं नाही. ते 1921 मध्ये दक्षिणेकडच्या नव्या भरावावर उघडलं. ठळक अपवाद ठरली ती आर्ट इन्स्टिट्यूट. 1893 मध्ये विवेकानंदांचं गाजलेलं भाषण याच इमारतीत झालं.

वॉर्ड यांनी मोकळी ठेवलेली जागा पुढे हळूहळू सजली. 1927 मध्ये बकिंगहॅम कारंजं आलं. त्यातल्या सागरी घोड्यांच्या चार जोड्या सरोवराकाठच्या चार राज्यांच्या. 2004 मध्ये रेल्वे यार्डावर छत घालून मिलेनियम पार्क झालं. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं ‘क्लाउड गेट’ तिथलंच. त्याच्या आरशासारख्या पोलादात सगळं शहर वाकून दिसतं. फ्रँक गेरी यांच्या संगीतमंचाला तर उंचीच्या बंधनातून सुटण्यासाठी ‘कलाकृती’ ठरवावं लागलं. वॉर्ड यांचा धाक शतकभरानेही उरला होता!

नकाशावरचं आरक्षण आपोआप टिकत नाही. त्यासाठी कुणालातरी वाईटपणा घ्यावा लागतो. आपल्या शहराच्या विकास आराखड्यात बागेसाठी राखलेले भूखंड कोणते आणि आज त्यांवर काय उभं आहे, हे प्रत्येकाने एकदा तरी तपासून पाहावं.