ग्राहक फोन बदलतो, पण प्लॅटफॉर्म का बदलत नाही? काउंटरवर शिकलेल्या चार गोष्टी



गेल्या गुरुवारची गोष्ट सांगतो. भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, त्यामुळे आमच्या दुकानात त्या दिवशी सकाळपासूनच गर्दी असते. साडेअकराच्या सुमारास एक जुना ग्राहक आला. चाकणला सीएनसी ऑपरेटर आहे, सात-आठ वर्षं झाली, फोन आमच्याकडूनच घेतो. चार दिवसांपूर्वीच त्याने हौसेने सेकंडहँड आयफोन नेला होता आणि जुना अँड्रॉइड एक्स्चेंजमध्ये दिला होता. त्याने बॉक्स काउंटरवर ठेवला.

"दादा, हा परत घ्या. माझा जुना विकला नसेल तर तो द्या."

"काय झालं? हँग होतोय का?"

"फोन एक नंबर आहे हो. पण आईचे व्हॉइस मेसेज गेले."

त्याची आई दोन वर्षांपूर्वी वारली. गावाकडून ती रोज रात्री व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायची, जेवलास का, शिफ्ट कुठली आहे. ते सगळं जुन्या फोनमध्ये होतं. आमच्या पोराने नवीन फोनवर त्याचा नंबर टाकून व्हॉट्सॲप चालू करून दिलं आणि "झालं भाऊ" म्हणून पिशवीत घालून दिलं. चॅट ट्रान्सफर केलीच नाही. त्यानेही तेव्हा विचारलं नाही, कारण असं काही करावं लागतं हेच त्याला माहीत नव्हतं.

नशीब एवढंच की गर्दीमुळे जुना फोन फॉरमॅट करायचा राहिला होता, ड्रॉवरमध्ये तसाच पडून होता. जुन्या फोनवर पुन्हा व्हॉट्सॲप चालू केलं, चॅट जागच्या जागी होती. मग आयफोन रिसेट केला, "मूव्ह टू आयओएस" लावलं आणि सगळं पलीकडे नेलं. दीड तास गेला. तो बाहेर गाडीवर बसून एक मेसेज ऐकून आला आणि आयफोन घेऊनच घरी गेला.

पण तो गेल्यावर माझ्या हातापायाला कापरं भरलं होतं. सोमवारी तो फोन मी फॉरमॅट केला असता तर? विक्री परत आली असती, हा त्यातला सगळ्यात लहान तोटा.

म्हणून आजचा विषय. व्हिडिओमध्ये वेळ कमी पडला, इथे नीट मांडतो. माणूस एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर कधी जातो? आणि हेच गणित लावून तो शेजारच्या दुकानातून तुमच्याकडे कधी येईल?

आधी माझी स्वतःची चूक

बीबीए करून मी दुकान टाकलं तेव्हा बाजारात अँड्रॉइड आणि आयफोन सोडून तिसरे-चौथे पर्यायही होते. २०१३ मध्ये मी पतसंस्थेचं कर्ज काढून अशाच एका तिसऱ्या प्लॅटफॉर्मचे चौदा हँडसेट भरले. कंपनीचं नाव घेत नाही, कारण माल वाईट नव्हता. बॉडी मजबूत, कॅमेरा छान, रंग बघून लोक थांबायचे. हातात घ्यायचे, फिरवून बघायचे आणि विचारायचे, "यात अमुक ॲप चालतं का?" मी म्हणायचो, "येईल लवकरच." ते पण म्हणायचे, "मग आल्यावर बघू."

चौदापैकी पाच पीस मी पूर्ण किमतीला विकले. बाकीचे तोट्यात काढले, शेवटचा माझ्या मेव्हण्याला दिला. हप्ता मात्र पुढची दोन वर्षं भरत होतो.

त्या काळात मोठमोठ्यांचंही हेच झालं. विंडोज फोन २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आला. इन्स्टाग्रामचं ॲप त्यावर यायला नोव्हेंबर २०१३ उजाडला. लोक नाहीत म्हणून ॲप बनवणारे येत नाहीत आणि ॲप नाही म्हणून लोक येत नाहीत. नोकियासारखं नाव पाठीशी असूनही हा फेरा तुटला नाही. ब्लॅकबेरीचं बघा. त्यांच्याकडे बीबीएम मेसेंजर होता, त्याच्यासाठी लोक तो फोन धरून बसले होते. बीबीएम अँड्रॉइड आणि आयफोनवर आलं ऑक्टोबर २०१३ मध्ये. तोपर्यंत मित्रमंडळी व्हॉट्सॲपवर गेली होती.

मी काय चुकलो? मी फोनची फोनशी तुलना करत होतो. ग्राहक मात्र नव्या फोनची तुलना त्याच्या चालू आयुष्याशी करत होता.

बदलाच्या चार ताकदी

बॉब मोएस्टा नावाचे अमेरिकेतले एक सल्लागार आहेत. ग्राहक बदल का करतो, याची ते चार ताकदींमध्ये मांडणी करतात. दोन ताकदी बदलाच्या बाजूने, दोन विरोधात. मी ती माझ्या काउंटरच्या भाषेत सांगतो.

१. जुन्याचा वैताग

"स्टोरेज फुल" चा मेसेज, दुपारपर्यंत संपणारी बॅटरी, बँकेचं ॲप म्हणतं की हे व्हर्जन आता चालणार नाही. वैताग नसेल तर जाहिरात कितीही भारी असू दे, माणूस हलत नाही. म्हणून आमच्याकडे आता पहिला प्रश्न "बजेट किती?" हा नसतो. "सध्याच्या फोनचा त्रास काय आहे?" हा असतो. निम्म्या वेळा उत्तर येतं की फक्त बॅटरी गेली आहे. मग मी बॅटरी बदलून देतो. त्या दिवशी कमाई कमी होते, पण तो माणूस पुढचा फोन दुसरीकडे घेत नाही.

२. नव्याची ओढ

आयफोनची ओढ काय आहे हे कुणाला सांगायला नको. कॅमेरा, बरीच वर्षं मिळणारे अपडेट, विकताना येणारी किंमत आणि लग्नाच्या फोटोत हातात दिसणारा लोगो. सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला ॲपलचं स्वतःचं स्टोअर सुरू झालं, तेव्हा आमच्याकडचीही पोरं सुट्टी टाकून बघायला गेली. त्यात हप्त्याची सोय. साठ-सत्तर हजार हा आकडा महिन्याच्या हप्त्यात मोडला की लहान वाटतो.

तरीही भारतात शंभरातले नव्वदहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइडच आहेत. किंमत हे मोठं कारण आहेच. पण ज्यांना परवडतं तेही थांबतात. का? पुढच्या दोन ताकदींमुळे.

३. बदलाची भीती

ही माझ्या मते सगळ्यात मोठी. गेल्या वर्षभरात काउंटरवर ऐकलेली वाक्यं लिहून ठेवली आहेत:

"माझे फोटो जातील का?"

"फोनपे परत चालू करताना पैसे अडकणार नाहीत ना?"

"डिस्प्ले फुटला तर किती?"

"दोन सिम बसत नाहीत म्हणे." (भारतातल्या बहुतेक आयफोनमध्ये एक सिम बसतं, दुसरं ई-सिम करावं लागतं. गावचा नंबर आणि इकडचा नंबर असे दोन घेऊन फिरणाऱ्याला हे आधी सांगावंच लागतं.)

"कंपनीत गेटवर फोन जमा करावा लागतो. एवढा महाग लॉकरमध्ये ठेवू का?"

हा शेवटचा प्रश्न चाकणचा आहे. कुठल्याही मार्केटिंगच्या पुस्तकात तो मला सापडला नाही. तुमच्याही धंद्यात असा एक प्रश्न नक्की असणार, तो शोधा.

भीती कमी केली की काय होतं त्याचं मोठं उदाहरण आपण सगळ्यांनी बघितलंय. २० जानेवारी २०११ ला देशभर मोबाईल नंबर पोर्टेबिलिटी सुरू झाली. त्याआधी कंपनी आवडत नसली तरी लोक सोडत नव्हते, कारण नंबर गेला असता. व्हिजिटिंग कार्डावर, दुकानाच्या बोर्डावर, गावातल्या प्रत्येकाच्या डायरीत तोच नंबर. एक पोर्टचा मेसेज १९०० ला पाठवायचा, नंबर तोच राहणार. नेटवर्क तेच होतं, टॉवर तेच होते. भीती तेवढी गेली.

फोनमध्येही हे हळूहळू होतंय. अँड्रॉइडवरून आयफोनवर व्हॉट्सॲपची चॅट नेण्याची अधिकृत सोय २०२२ मध्ये आली. २०२३ च्या आयफोन १५ पासून चार्जिंगची पिन टाईप-सी झाली, म्हणजे घरातले चार्जर फेकायची गरज उरली नाही. या गोष्टी जाहिरातीत मोठ्या अक्षरात दिसत नाहीत, पण "बघतो, नंतर येतो" म्हणणारा माणूस यांच्यामुळे खिशात हात घालतो.

४. सवय

आमच्या पप्पांकडे चेतक स्कूटर होती. बजाजची, इथल्याच आकुर्डीची. मोटरसायकली मायलेज जास्त देत होत्या, शेजारच्या सगळ्यांनी घेतल्या. पप्पा रोज सकाळी चेतक वाकडी करायचे, मग किक मारायचे, पण बदलली नाही. का, तर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला तिचा आवाज ओळखीचा होता. बजाजने २००९ मध्ये स्कूटर बनवणं थांबवायचं जाहीर केलं, त्यानंतरही आमची चेतक दोन वर्षं चालली. आणि जानेवारी २०२० मध्ये कंपनीने इलेक्ट्रिक स्कूटर बाजारात आणली तेव्हा नाव काय दिलं? चेतक. गाडी पूर्ण नवीन, नाव मात्र सवयीचं.

फोनमध्ये सवय म्हणजे बॅकचं बटण, मराठी कीबोर्ड आणि घरात फोन "समजणारा" भाचा. भाच्याला अँड्रॉइड येत असेल तर काकू आयफोन घेणार नाहीत, तुम्ही फुकट दिला तरी.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक जॉन गुरविल यांनी २००६ मध्ये एक लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं, की ग्राहक हातातल्या गोष्टीची किंमत साधारण तिप्पट धरतो आणि विकणारा आपल्या नव्या मालाची किंमत तिप्पट धरतो. दोघांमध्ये नऊपट अंतर पडतं. माझे ते चौदा हँडसेट या अंतरात पडले.

जिओने काय केलं, ते नीट बघा

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि साधारण १७० दिवसांत दहा कोटी ग्राहक झाले. सगळे म्हणतात, फुकट होतं म्हणून. बरोबर आहे. पण मी तेव्हा रांगेतल्या लोकांना सिम देत होतो, मी अजून एक गोष्ट बघितली. बहुतेकांनी जुनं सिम काढलंच नाही. फोनमध्ये दुसरा स्लॉट रिकामा होता, त्यात जिओ टाकलं. बोलायला जुना नंबर, नेटला जिओ. काही महिन्यांनी जुन्या सिमचा रिचार्ज आपोआप थांबला.

म्हणजे त्यांना कुणी "ते सोड आणि इकडे ये" असं म्हणलंच नाही. "ते राहू दे, हे पण ठेव" एवढंच.

याच्या उलट बाजू बघा. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी झोहोचं अरट्टाई ॲप डाउनलोडमध्ये ॲप स्टोअरवर पहिल्या नंबरला गेलं. आमच्या दुकानदारांच्या ग्रुपमध्येही सगळ्यांनी उतरवलं. ॲप फुकट, व्हॉट्सॲप न काढता ठेवता येतं, देशी असल्याचा अभिमानही. पण आमचे सप्लायर व्हॉट्सॲपवर, ग्राहक व्हॉट्सॲपवर, शाळेचा ग्रुप व्हॉट्सॲपवर. आठवड्याभरात आमचा ग्रुप पुन्हा जुन्या जागी आला. दुसरा स्लॉट मिळाला, तरी त्यात रोजचं एक काम पाहिजे. जिओकडे ते काम होतं, नेट.

आता तुमच्या दुकानाचं

चाकणच्या बॅचमध्ये एक ताई आहेत, कामगारांना डबे पुरवतात. त्या म्हणाल्या, "सर, समोरच्या मेसचे चाळीस डबे आहेत, ते मला कसे मिळतील?" मी म्हणलं, चाळीस मागू नका. गुरुवारचा डबा मागा. त्या दिवशी समोरची मेस बंद असते. हा झाला दुसरा स्लॉट. गुरुवारी जेवण आवडलं की शुक्रवारचं ग्राहकच विचारेल. सध्या त्यांच्याकडे गुरुवारचे अकरा डबे आहेत आणि त्यातले तीन जण रोजचे झालेत. चाळीस अजून लांब आहेत, पण सुरुवात झाली.

या आठवड्याचा गृहपाठ. एक वही घ्या आणि चार रकाने आखा: वैताग, ओढ, भीती, सवय. तुमच्याकडे येऊन काही न घेता गेलेल्या दहा ग्राहकांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत लिहा. "महाग वाटलं असेल" असा अंदाज लिहू नका, त्यांनी जे तोंडाने म्हणलं तेच लिहा. मग भीतीच्या रकान्यातली एकच गोष्ट निवडा आणि ती तुमच्या खर्चाने काढून टाका.

मी माझी काढली. आता आमच्या काउंटरवर एक छापील कागद लावलाय. एक्स्चेंजचा कुठलाही फोन सात दिवस फॉरमॅट करायचा नाही. चॅट, फोटो, कॉन्टॅक्ट आणि यूपीआय, चारही गोष्टी ग्राहकासमोर तपासायच्या आणि त्याची सही घ्यायची. एका फोनमागे पाऊण-एक तास जातो. पोरं कुरकुर करतात. मी त्यांना त्या आईच्या व्हॉइस मेसेजची आठवण करून देतो, मग कुणी काही बोलत नाही.

तुमच्या भीतीच्या रकान्यात काय निघालं ते कमेंटमध्ये नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यातली पाच उदाहरणं घेऊ.