ताप उतरला, हिवताप नव्हे

चंद्रपूर आणि गडचिरोली हा १९८२ पर्यंत एकच जिल्हा होता. पुढे कागदावर सीमा पडली. जंगल, ओढे आणि डास मात्र सामाईकच राहिले. राज्याच्या हिवतापाच्या नकाशावर भामरागड, एटापल्ली, धानोरा ही नावे वर्षानुवर्षे ठळक आहेत. मी चंद्रपुरात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकवतो. त्यांतले बरेच जण उद्या याच तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांत काम करणार, म्हणून औषध शरीरात नेमके काय करते हे सांगायला मी हिवतापाच्याच गोळ्या हाती घेतो.

सुरुवात पॅरासिटॅमॉलपासून. संसर्ग झाला की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग शरीराचा काटा वर सरकवतो. तो सरकतो प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे. पॅरासिटॅमॉल हे रसायन तयार होणे कमी करते. काटा खाली येतो, घाम फुटतो, रुग्णाला हुशारी वाटते. हिवतापाच्या परोपजीवीला मात्र या गोळीचा धक्काही लागत नाही. ताप हा निरोप आहे; निरोप थांबला म्हणून निरोप धाडणारा गेला असे होत नाही.

तो धाडणारा राहतो कुठे, हे कळले की पुढच्या गोळ्या आपोआप कळतात. अ‍ॅनोफिलिस डासाची मादी चावली की परोपजीवी आधी यकृतात जातो. तिथे वाढून तो रक्तात उतरतो आणि तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खाऊ लागतो. या जेवणातून ‘हीम’ हा लोहयुक्त भाग उरतो आणि तो परोपजीवीलाच विषारी असतो. म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवून बाजूला ठेवतो. क्लोरोक्विन नेमके हे स्फटिक बनणे अडवते. उष्टे घरातच साचते आणि घरधनी त्याच विषाने मरतो.

व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापावर क्लोरोक्विन आजही तीन दिवस दिले जाते. फॅल्सिपॅरम ही जास्त घातक जात. तिचा परोपजीवी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवू शकतो. या जातीने क्लोरोक्विन पचवायला शिकले, तेव्हा दुसरे औषध शोधावे लागले. १९७० च्या दशकात चीनमध्ये तू यूयू यांनी एका पारंपरिक औषधी वनस्पतीतून आर्टेमिसिनिन वेगळे केले. त्यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. त्याच कुळातले आर्टेसुनेट हीममधल्या लोहाच्या संपर्कात येताच फुटते आणि परोपजीवीची प्रथिने जाळत सुटते. ते झपाट्याने काम करते आणि काही तासांत रक्तातून नाहीसेही होते. म्हणून त्याला जोडीदार लागतो. सल्फाडॉक्सिन आणि पायरिमेथामिन ही जोडी परोपजीवीला फोलेट बनवू देत नाही. आपण फोलेट पालेभाजीतून मिळवतो, त्याला ते स्वतः बनवावे लागते. एवढ्या एका फरकावर हे औषध उभे आहे. ही जोडी रक्तात बरेच दिवस टिकते आणि आर्टेसुनेटच्या तडाख्यातून सुटलेल्यांना गाठते.

आता खरी अडचण. तिसऱ्या दिवशी ताप नसतो, धानाची रोवणी अंगावर आलेली असते, आणि उरलेल्या गोळ्यांची पट्टी भिंतीतल्या कोनाड्यात जाते. व्हायव्हॅक्सच्या रुग्णाच्या त्या पट्टीत प्रायमाक्विन असते, चौदा दिवसांचे. व्हायव्हॅक्सचे काही परोपजीवी यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्विन रक्तातले मारते. झोपलेल्यांपर्यंत त्याची मात्रा चालत नाही. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी ते जागे होतात आणि नवा डास न चावताही जुना हिवताप परततो. प्रायमाक्विन या झोपलेल्यांसाठी आहे.

फॅल्सिपॅरममध्ये प्रायमाक्विन एकदाच, दुसऱ्या दिवशी देतात. इथे त्याचे काम निराळे आहे. रक्तात परोपजीवीची नर-मादी रूपे फिरत असतात. रुग्णाला त्यांचा त्रास होत नाही. ती डासाच्या पोटात जाऊन पुढच्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी असतात. प्रायमाक्विन त्यांना निकामी करते. म्हणजे ही गोळी रुग्ण स्वतःसाठी घेतच नाही, शेजारच्या घरासाठी घेतो. औषधशास्त्राच्या पुस्तकात हे एका ओळीत येते. गावात ते समजावून सांगावे लागते.

हीच गोळी जपूनही द्यावी लागते. काहींच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे संरक्षक विकर जन्मतःच कमी असते. अशांच्या पेशी प्रायमाक्विनने फुटतात. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा. या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने हा दोष पुरुषांत जास्त आढळतो. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्विन देतच नाहीत.

एवढे बारकावे खेड्यातल्या कार्यकर्त्यांना झेपतील का, असा प्रश्न शहरात विचारला जातो. त्याचे उत्तर गडचिरोलीनेच दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची तपासणी करायला आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. बालमृत्यू ठळकपणे घटले आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते काम छापले.

म्हणून मी परीक्षेत मात्रा विचारतो, पण त्याच्याआधी एक प्रश्न ठेवतो: चौथ्या दिवशी बरा झालेला माणूस विचारतो, ‘आता कशाला गोळी?’ त्याला त्याच्या भाषेत उत्तर द्या. ज्याला हे उत्तर देता येते, त्याच्या हातून दिलेली गोळी कोनाड्यात जाण्याची शक्यता कमी असते.